तिसरी फळी

सौनाघरात तीन फळ्या.
सगळ्यांत वरची, छताला डोकं टेकेल अशी, रेइयोची.
लग्नानंतरच्या पहिल्याच शनिवारी त्याने तसं सांगून टाकलं,
आणि मी चाळीस वर्षं मधल्या फळीवर बसून
त्याच्या टाचा पाहत आले.

गेल्या मार्चात तो मधल्या फळीवर आला.
"जरा सरक," एवढंच म्हणाला.
मेमध्ये सगळ्यांत खाली.
तिथे लहान मुलं बसतात, आणि पाण्याची बादली.

मांड्या, म्हणाला.
आतून कुणी ओला टॉवेल पिळतंय तशा.
तळ्याच्या बर्फात भोक पाडायचं गिरमिट आता शेजारचा पोरगा फिरवतो,
मासा मात्र रेइयोने पकडला,
असं सांगायची आमच्यात रीत पडली आहे.

गोळी पांढरी, मसुराएवढी. रात्री एक.
तिच्यासोबतचा कागद उलगडला
तर टेबलावरून खाली लोंबतो.
स्नायू दुखणे. अशक्तपणा. क्वचित यकृत.
क्वचित साखर वाढणे. फारच क्वचित
स्नायूच विरघळून मूत्रपिंडं तुंबणे,
लघवी कोऱ्या चहासारखी.
ग्रेपफ्रूटचा रस टाळावा.
इलोमान्त्सीत ग्रेपफ्रूटचा रस कोण पितो!
त्या एका ओळीवर आम्ही पोट धरून हसलो.
बाकीच्या ओळींवर नाही.

आता मला आठवत नाही,
आधी दुखलं आणि मग त्याने कागद वाचला,
की आधी वाचला.
विचारलं तर चिडतो.
मांडी माझी आहे, म्हणतो, कागदाची नाही.

पण भिंतीवर त्याचा बाप आहे, आर्व्हो.
खांद्यावर करवत, तोंडभर हसू, वय त्रेचाळीस.
त्याच हिवाळ्यात बर्चच्या ओंडक्यावर टेकला, तो टेकलाच.
काका सत्तेचाळीस.
मधला भाऊ एकावन्न, ट्रॅक्टरचं इंजिन चालूच होतं.
या घरात लोणी बोटभर जाड लागायचं,
राईच्या भाकरीवर, बटाट्यावर, लापशीत खळगा करून,
आणि पुरुष पन्नाशीपर्यंत पुरायचे.
रेइयो एकाहत्तरचा आहे.
हे कुणाचं देणं, ते डबीवर लिहिलेलं नसतं.

सप्टेंबरात एका शनिवारी तो उठला
आणि चढला.
दगडांवर पाणी मारलं, वाफेतून ओरडला,
"हिल्क्का, टाचा बघ!"
मी बघितल्या. रडलेही. वाफेत कळत नाही.

सोमवारी गळ शोधताना
त्याच्या पेटीत, शिशाच्या मण्यांखाली,
गोळ्या सापडल्या. सदतीस.
मी त्या मोजल्या, मग मणीही मोजले,
का ते विचारू नका.

भांडण झालं नाही.
आमच्याकडे भांडण म्हणजे
दोघांनी दोन खिडक्यांतून एकच तळं पाहणं.
तिसऱ्या दिवशी तोच म्हणाला,
"वर बसून लवकर मरावं, की खाली बसून उशिरा?"
मी म्हटलं, मला काय विचारतोस, गाडी काढ.

नर्स तुइयाने रक्त घेतलं. रागावली नाही.
गोळी थांबवायची तर सांगून थांबवा, म्हणाली, लपवून नाही.
स्नायूंचा आकडा ठीक आला, यकृताचाही.
"म्हणजे दुखणं खोटं, असं नव्हे,"
हे तिने आपणहून म्हटलं,
तेवढ्यासाठी मला ती पोरगी आवडली.
मग डॉक्टरांनी दुसरी गोळी दिली, कमी ताकदीची, दिवसाआड.
बघू, म्हणाले. डॉक्टरही बघूच म्हणतात.

आता रोज सकाळी, कॉफी चढवायच्या आधी,
मी संडासाच्या दाराबाहेरून विचारते, "रंग?"
आणि आतून उत्तर येतं, "गवत,"
कधी "मध,"
एकदा मुद्दाम, "डांबर!"
त्या दिवशी मी दार असं बडवलं
की कडीचा एक स्क्रू अजून सापडलेला नाही.

शनिवारी तो मधल्या फळीवर असतो, माझ्याशेजारी.
दुखतं का, मी विचारत नाही.
वरची फळी रिकामीच, म्हणून परवा
मी तिच्यावर बर्चच्या डहाळ्या वाळत घातल्या.
त्याने एकेक करून
खाली काढून ठेवल्या.